बांध हलवताना दोघं हजर लागतात

आमच्या घरात लॅपटॉप एक आणि त्यात संसार दोन. चालू केला की काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात, वर लिनक्स आणि खाली विंडोज. दहा सेकंदांत काही निवडलं नाही तर वरचं आपोआप सुरू होतं. वरची ओळ माझी, खालची नवऱ्याची. हा क्रम मी लावलेला नाही, तो तसाच आला, पण नवऱ्याला ते आजवर पटलेलं नाही. पैसे त्याने भरले आणि नाव माझं वर, असं तो पाहुण्यांना हसत हसत सांगतो. हसत असला तरी सांगतोच.

मी रोह्यात एका शाळेत भूगोल शिकवते. नकाशे काढायचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, ते विंडोजवर धापा टाकत चालायचं. म्हणून आमच्या शाळेतल्या संगणकाच्या सरांनी डिस्कच्या शेवटच्या टोकाला लिनक्स टाकून दिलं. किती जागा देऊ, असं सरांनी विचारलं तेव्हा मी चाळीस जीबी म्हणाले. पाचशेच्या डिस्कमध्ये चाळीस! नवी नवरी सासरी आल्यावर ट्रंक ठेवायला पलंगाखालचा कोपरा मागते, तशी मी ती मागितली. एरवी माझा स्वभाव मागून घेण्याचा नाही, भांडून घेण्याचा आहे. त्या दिवशी काय झालं होतं कोण जाणे.

नकाशा होता माझ्या माहेरच्या खारीचा. माहेर पेण तालुक्यात, धरमतरच्या खाडीला लागून. खार म्हणजे खाडीचं पाणी मातीच्या मोठ्या बांधाने बाहेर थोपवून आत केलेली भातशेती. मोठ्या बांधात आतलं पाणी बाहेर सोडायचं दार असतं, ती उघाडी. आतल्या शेतांना पुन्हा छोटे छोटे बांध, आणि प्रत्येक शेताला नाव. उघाडीपुढलं, वाकडं, म्हशीबुडी, सासूचं. बाहेरच्या बांधाला काही वर्षांपूर्वी खांड पडली, म्हणजे तो फुटला, आणि ह्या वेळी ती खांड कोणी बुजवली नाही. भरती आत येऊ लागली. आता तिथे तिवरांचं रान आहे. सातबाऱ्यावर शेत, जागेवर तिवर. वरून काढलेल्या फोटोत नुसता हिरवा गोळा दिसतो. त्या हिरव्याखाली कोणाचं काय होतं हे सांगणारी चार-पाच माणसं उरली आहेत, आणि त्यातले एक माझे बाबा. वय एक्याऐंशी. कान थोडे गेले आहेत, नावं सगळी शाबूत.

दुसरे एक माझे मोठे काका, बाबांचे थोरले भाऊ. दोघांची शेतं लागून, मध्ये एकच बांध. मी सहावीत असताना त्या बांधावरून दोघांचं बिनसलं. बाबांनी बांध चार हात काकांच्या शेतात ढकलला, असं काका म्हणाले. बांध होता तिथेच आहे, असं बाबा म्हणाले. गावकी बसली, नारळावर हात ठेवून बाबांनी तेच पुन्हा सांगितलं, आणि गावाने बाबांचं ऐकलं. तेव्हापासून दोघे बोललेले नाहीत. माझ्या लग्नाला काका आले नाहीत. त्यांच्या मुलाच्या लग्नाच्या दिवशी बाबा दिवसभर अंगणात जाळं विणत बसले, आणि संध्याकाळी पाहिलं तर जाळं चुकीचं विणलेलं. आता दोघेही पेणमध्ये राहतात, एकाच बाजाराच्या दोन टोकांना, आपापल्या मुलांकडे. भाजीला गेले की एकमेकांना पाहून रस्ता बदलायचे.

मला काकांचा फार लळा होता. ते धरमतरला बार्जवर कामाला होते, आठवड्याने घरी यायचे. बांधावरून कसं चालायचं हे त्यांनीच मला शिकवलं. खाली बघायचं नाही, पुढचा बांध बघायचा. ह्या भांडणात माझं काय चुकलं होतं हे मला कोणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही, आणि पस्तीस वर्षं त्याचा राग मात्र धरून बसले. दोघांचाही.

नकाशा सुरू केला तेव्हा बाबांनी एकच अट घातली होती. "झाला की येक प्रत दादूसला दे." दादूस म्हणजे थोरला भाऊ, काका. का द्यायची ते सांगितलं नाही. गेल्या पावसाळ्यात काका घरातच पडले आणि अंथरुणाला खिळले. त्यानंतर बाबा फोनवर माझी तब्येत विचारायच्या आधी नकाशाची विचारू लागले. दोघांतल्या एकाने जायच्या आत ती प्रत काकांच्या हातात पडायला हवी, एवढं मला न सांगताही कळत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत बाबा एसटीने रोह्याला आले, चार दिवस राहायला. पहिल्याच दुपारी आम्ही बसलो. ते नावं सांगत गेले, मी शेतं आखत गेले. वरून काढलेले वेगवेगळ्या ऋतूंतले फोटो, जुन्या गावनकाशाचे स्कॅन, एकेक फाईल मणामणाची. संध्याकाळपर्यंत पन्नासेक शेतं झाली. सेव्ह करायला गेले तर पडद्यावर पाटी आली, जागा शिल्लक नाही. मी चिडून पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा सॉफ्टवेअरच बंद पडलं, आणि दुपारभराचं काम खाडीत गेलं. मी जे बोलले ते शिक्षिकेने बोलायचं नव्हतं. बाबा नुसते म्हणाले, "परत सांगतो. त्यात काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खरंच परत सगळं सांगितलं, आणि मी ते कागदावर उतरवून घेतलं. तोच क्रम, तीच नावं, कुठे अडखळले नाहीत. फक्त आमच्या आणि काकांच्या शेतामधल्या बांधापाशी आले तेव्हा थांबले, पाणी मागितलं, पाणी प्यायले आणि पुढच्या शेतावर गेले. मी म्हटलं, बाबा, हा बांध राहिला. "काल सांगितला नाय का? तसाच," म्हणाले. वय झालं, थकले असतील, असं मी समजले.

आता जागा वाढवणं आलं. विंडोजकडे साडेचारशेच्या आसपास जागा, त्यातली निम्मीही भरलेली नाही. नवऱ्याची जुनी गाणी, भावाबहिणींच्या लग्नांचे व्हिडिओ, कंपनीच्या सहलींचे फोटो. बाकी सगळं मोकळं. मोकळं कशाला ठेवलंय म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं, लागेल कधीतरी. हा माणूस दुधाच्या रिकाम्या पिशव्यासुद्धा धुऊन ठेवतो. संध्याकाळी चहाच्या वेळी मी त्याला विचारलं, तुमच्या बाजूची शंभर जीबी घेऊ का? पेपरातून मान वर न करता तो म्हणाला, "घे की."

झालं, परवानगी मिळाली. त्या रात्रीच्या जेवणाआधी मी आमची सगळी महत्त्वाची सामग्री, त्याची आणि माझी, बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतली. मग विंडोजमध्ये शिरून त्याची जागा आकसून घ्यायला लागले. विंडोज म्हणालं, शंभर देत नाही, सोळा देईन. घरमालक असावा तर असा. कारण काय, तर त्या मोकळ्या रानाच्या मधोमध विंडोजने स्वतःच्या काही न हलणाऱ्या फायली ठेवलेल्या असतात. झोपताना आठवण ठेवायची एक आणि अशा आणखी दोन-तीन. त्या बंद केल्या, पुन्हा चालू केलं, तेव्हा कुठे शंभर सुटले.

पण सुटले ते माझ्या दारात नाहीत. विंडोजची जागा, मग हे शंभर रिकामे, मग एक अर्ध्या जीबीचा चिमुकला तुकडा, आणि त्याच्या पलीकडे मी. तो तुकडा विंडोज आजारी पडलं तर त्याला उठवायचं औषध ठेवण्याचा. त्याला नाव नाही, त्यात काही उघडत नाही, पण तो मध्ये आहे. डिस्कवरचं शेत फक्त लागून असलेल्या मोकळ्या जागेतच वाढवता येतं. म्हणजे आधी त्या तुकड्याला उचलून विंडोजच्या कुशीत नेऊन ठेवायचं, मग माझी डावी हद्द त्या रिकाम्या जागेत ओढायची. आणि हे दोन्हीपैकी कोणाच्याही घरात बसून करता येत नाही. ज्या बांधावर आपण उभे तो बांध कसा हलवणार? म्हणून पेनड्राईव्हवर तिसरंच एक लिनक्स घ्यायचं, त्याच्यावर लॅपटॉप सुरू करायचा, आणि मग दोन्ही बाजूंना हात लावायचा. पेनड्राईव्ह सरांनी दिला होता. वर तीनदा बजावलं होतं, एकदा सुरू केलं की मध्ये लॅपटॉप बंद पडता कामा नये.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवरा साडेसहाच्या कंपनीच्या बसने पहिल्या शिफ्टला गेला. मी भांडी आवरली, इन्व्हर्टरचं पाणी पाहिलं, लॅपटॉप चार्जिंगला लावला आणि पेनड्राईव्हवरून सुरू केला. बाबा बाजूच्या खुर्चीत येऊन बसले. पडद्यावर आडवी पट्टी, तिच्यात वेगवेगळ्या रंगांची घरं. आत पिवळं म्हणजे भरलेलं, पांढरं म्हणजे मोकळं. मी माझ्या घराची डावी कड माऊसने धरली आणि ओढून पाहिली. पट्टीवर ती सरकली. खरं अजून काही झालेलं नसतं, सगळं नुसतं मांडून ठेवता येतं. शेवटी बरोबरच्या खुणेचं एक बटण असतं. ते दाबलं की मग काम सुरू.

बाबा चष्मा वरखाली करत बघत होते. "ह्ये काय गो बाय?"

मी त्यांना समजेल असं सांगितलं. हा तुकडा तुमच्या जावयाचा, हा माझा. माझं शेत भरलं, त्याचं पडून आहे. म्हणून मधला बांध त्याच्या बाजूला सरकवतेय.

"जावयाला इचारलंस?"

"व्हय. काल. घे म्हणाले."

"आता कुठं हाय तो?"

"शिफ्टला."

बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. माऊसवरच्या हातावर. "मंग थांब. तो येवदे."

मी हसले. म्हटलं, बाबा, हे कंप्युटरचं आहे, आणि त्यांनी हो म्हटलंय. बाबा हसले नाहीत.

"हो बोलला येगळं, हजर व्हता येगळं. बांध हलवताना दोगं हजर लागतात. दोराचं येक टोक त्याच्या हातात, येक आपल्या. आनि जो देतो त्यानं पयली पाटी टाकायची. तुला म्हाईत नाय?"

मला माहीत होतं. लहानपणी पाहिलं होतं. आमच्याकडे आतला बांध नवा घालायचा तर दोन्ही शेतांचे मालक येतात, दोर दोघे धरतात, आणि ज्याची जागा जाते तो चिखलाची पहिली पाटी आपल्या हाताने टाकतो. तोवर दुसऱ्याने फावडं उचलायचं नाही. पण साडेअकराही वाजले नव्हते आणि नवऱ्याची बस साडेतीनला येते. मला राग आला. दोन दिवस जागेपायी गेले, तिसरा रीतीपायी जाणार! मी म्हटलं, त्यांना ह्यातलं काही कळत नाही, आणि मी काही चोरी करत नाहीये.

चोरी हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि बाबांचा हात माझ्या मनगटावरून निघाला. ते उठून खिडकीपाशी गेले. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो, दुसरं काही दिसत नाही. मी बटण दाबलं नाही. का, ते तेव्हा मला कळलं नव्हतं. लॅपटॉप तसाच ठेवून मी भाकऱ्या थापायला गेले.

जेवायला सुकट आणि तांदळाची भाकरी होती, त्यांच्या आवडीची. अर्धी भाकरी झाल्यावर ते ताटाकडे बघतच म्हणाले, "तुज्या नकाशात तो बांध चुकलाय."

"कुठला?"

"आमच्या दोगांतला. चार हात हिकडं आला पायजे. आपल्या बाजूला."

मी म्हटलं, बाबा, मी तुम्ही सांगितला तसाच काढला.

"मीच खोटा सांगितला."

मग त्यांनी सगळं सांगितलं, शांतपणे, कोणा दुसऱ्याचं सांगावं तसं. त्या वर्षी मोठ्या उधाणाला बाहेरचा बांध फुटला होता. गावाने मिळून तो बांधला, पण आतले बांध वाहून गेले होते. आमच्या बाजूला पाण्याने पुरुषभर खोल खड्डा पाडला होता, नेमका जुन्या बांधाच्या जागी. रोपं हातात आली होती, लावणी अडली होती. काका बार्जवर, चार दिवसांनी येणार. बाबांनी गडी लावले आणि खड्डा टाळून, न मापता बांध घातला, काकांच्या बाजूने. मनात होतं, दादूस आला की सांगू, पुढच्या साली खड्डा भरून बांध परत जागेवर नेऊ.

"तो आला आनि मी तोंड उघडायच्या आदी मना चोर बोलला. चार मानसांत. मंग माजं तोंड बंद जालं. मंग गावकी बसली. नारळ समोर आला, तवा कसा सांगू?"

खड्डा पुढच्या वर्षी भरला. बांध तिथेच राहिला.

पस्तीस वर्षं मी मनात बाबांची बाजू घेतली होती. काकांना आठवून रडले होते, पण चूक त्यांचीच मानली होती. मला बाबांचा राग आला, स्पष्ट सांगते, फार आला. आणि समोर तो माणूस सुकटीतले काटे नखाने बाजूला काढत बसलेला बघून तो राग कुठे ठेवायचा हेच कळेना. मी त्यांच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. जमलं ते एवढंच.

हात धुतल्यावर मी म्हटलं, चला, तुमचा बांध आत्ताच नीट करू, कागदावरचं टिपण हातात आहे.

"आता नको," ते म्हणाले. "दादूससमोर."

साडेतीनला नवरा आला. खांद्याला डब्याची पिशवी, अंगाला कंपनीतल्या रसायनांचा तो वास, जो आमच्या सगळ्या गल्लीला सवयीने येईनासा झाला आहे. चहाही न देता बाबांनी त्याला लॅपटॉपसमोर बसवलं. त्याला वाटलं काहीतरी बिघडलं. "मामा, मी हो म्हटलं होतं की हिला."

"बोललास. दिसला नायस," बाबा म्हणाले. "आता बग. ह्ये तुजं, ह्ये तिचं. हिकडून हितवर ती घेनार. बराबर हाय?"

नवऱ्याने पहिल्यांदाच ती पट्टी नीट पाहिली. पन्नाशीचा माणूस, तीस वर्षं पाळ्या केलेला, पण आपल्या गाण्यांचं घर पिवळ्या रंगात एवढंसं दिसतं हे बघून त्याला जरा वाईट वाटलेलं दिसलं. "माझं काही जाणार नाही ना?" त्याने हळूच विचारलं. मी सांगितलं, सगळ्याची प्रत काढलीय. हे त्याला काल सांगितलं नव्हतं, कारण काल त्याने विचारलं नव्हतं. म्हणजे, काल मीही त्याला धड विचारलं नव्हतं. पेपर वाचणाऱ्या माणसाकडून हो काढून घेतला होता. सासरी-माहेरी सगळीकडे बांध असेच कोरले जातात, बोलता बोलता, दुसऱ्याचं लक्ष नसताना.

"टाक पयली पाटी," बाबा म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बटण दाखवलं. त्याने बोट पँटला पुसलं आणि दाबलं.

तुकडा पाच मिनिटांत हलला. माझं घर मात्र आतल्या सामानासकट डावीकडे न्यायचं होतं, त्याला वेळ लागणार होता. पडद्यावर हिरवी पट्टी भाताच्या रोपासारखी, बघत असताना वाढत नाही आणि नजर काढली की वाढलेली. नवरा खुर्चीतच झोपला. मध्ये एकदा वीज गेली. पंखा क्षणभर थबकून पुन्हा फिरायला लागला, आणि बाबांनी इन्व्हर्टरच्या दिशेने नमस्कार केला. ते पूर्ण वेळ बसून होते. खाडीचं पाणी ओसरायची वाट बघत बसायची त्यांना सवय आहे. दिवेलागणीला काम संपलं. मी आधी विंडोज सुरू करून दाखवलं. नवऱ्याने तीन गाणी लावून पाहिली, तिन्ही वाजली. मग माझं सुरू केलं. एकशे चाळीस जीबी. मी रात्री बसून पन्नास शेतं पुन्हा आखली. तो एक बांध पहिल्या दिवशीसारखाच ठेवला, चुकीचा.

सुट्टी संपायच्या आधीच्या रविवारी मी लॅपटॉप पिशवीत घालून बाबांबरोबर पेणला गेले. काकांच्या मुलाला आधी फोन केला होता. तो दारात उभा होता आणि काय बोलावं हे न सुचून रिक्षाचं भाडं किती घेतलं असं विचारत होता. आत काका पलंगावर उशीला टेकून बसलेले. केवढे बारीक झाले होते! मला म्हणाले, "बाय, मास्तरीन झालीस?" मी वीस वर्षं मास्तरीण आहे. मी नुसती मान हलवली. बाबांशी ते बोलले नाहीत. बाबा पलंगाच्या पायथ्याशी उभेच होते.

मी लॅपटॉप त्यांच्या पांघरुणावर ठेवला आणि खार उघडली. शेतं, नावं, उघाडी. काकांचं बोट पडद्यावरून फिरायला लागलं. वाकडं. म्हशीबुडी. नाव वाचता येत नव्हतं, पण जागा ओळखू येत होती, आणि त्यांचे ओठ हलत होते. मग बोट आमच्या शेतापाशी आलं, त्या बांधावर, आणि तिथे राहिलं.

"तो चुकीचा हाय," बाबा म्हणाले. "तू आलास तवाच सांगायचं व्हतं. मी सरकवला व्हता, दादूस. चार हात. आता तुज्यासमोर परत नेतो."

खरं सांगायचं तर त्या नकाशात रेघेची जाडीच चार हातांपेक्षा जास्त आहे. कागदावर छापला तर बांध सरकला काय आणि न सरकला काय, कोणाला दिसणार नाही. मी हे कोणाला सांगितलं नाही. तेवढा भाग जितका मोठा करता येईल तितका केला, बाजूला हाताचं माप आखलं, आणि बांधाची रेघ धरून दिली. बाबांनी माऊसवर हात ठेवला. रेघ हातात धरून ठेवता येईना, म्हणून काकांनी त्यांच्या हातावर आपला ठेवला. रेघ सरकली. एक हात. दोन. तीन.

"बस," काका म्हणाले.

"चार, दादूस."

"तीनच व्हता." काका पडद्याकडेच बघत होते. "मी मापला व्हता तवा. चवथा मी रागात बोललो. मंग गावकीत फिरवता येईना."

बाबांनी माऊस सोडला आणि पलंगाच्या कडेवर बसले, काकांच्या पायांपाशी. मी नकाशा सेव्ह केला. जागा नाही अशी पाटी आली नाही, झाला.

काकांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून सुनेला हाक मारली. "चा टाक गो. दोगांचा."

माझा कप त्यांच्या गणतीत नव्हता. मला राग आला नाही.